राजा नसलेल्या शहराचं नाणं

सिस्टर, तुमच्या त्या सोन्याच्या नाण्यापायी काल मला भर दुकानात चोर ठरवायचं तेवढं बाकी राहिलं. जुनी नाणी घेणारा सराफ भिंगातून बघत म्हणाला, "मॅडम, हे बाजारात चाललेलं न्हायच की. परदेशातलं शहर, राजा न्हाय, टांकसाळ सोताची. शहरानं बड्या पाहुण्याला मान म्हणून द्यायला पाडलेलं. लई दुर्मीळ. तुमच्याकडं कुटनं आलं?" मी म्हटलं, "माझ्या घरात काय कुठून आलं, हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही." नाणं उचललं आणि बाहेर पडले. पण संशय त्याच्यापेक्षा माझाच जुना.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. वर्गात तुम्ही सांगत होता, ननचं स्वतःचं असं काही नसतं, अंगावरचा झगाही मठाचा. मी उभी राहिले. "मग सिस्टर, तुमचा हात सारखा खिशात असतो, तिथे काय आहे?" मुली फिदीफिदी हसल्या. "उद्धट मुलगी! बाहेर उभी राहा." सोलापूरचं ऊन, तापलेली फरशी आणि मी. शाळा सुटल्यावर तुम्ही मला शिवणाच्या खोलीत बोलावता. मला वाटतं, आता छडी. तुम्ही खिशातून नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवता. त्यावर नदी, पूल, मनोरे. "माझं गाव. आजोबांना मिळालेलं. घरी ने, इथे कुणाला दाखवू नकोस." आणि मी दारात पोचल्यावर, "उद्या वर्गात तोच प्रश्न पुन्हा विचार."

मी विचारला नाही. मला वाटलं, ही तोंड बंद ठेवायची लाच. नाहीतर चर्चच्या दानपेटीतलं. आई लक्ष्मीपूजनाला ते ताटात ठेवायची, तिला मी बक्षीस म्हणून सांगितलं होतं. स्वच्छ होतं तर लपवायला का लावलंत? मठानं काढून घेतलं असतं म्हणून? की इतकी वर्षं जवळ ठेवल्याची लाज? अजूनही तुमच्यावर माझा पुरता विश्वास नाही. पण काल मनोऱ्यांच्या फटींतली हळद टाचणीनं काढताना लक्षात आलं, लाच देणारं माणूस 'पुन्हा विचार' म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी शिकवता शिकवता तुम्ही थांबला होता, माझ्याकडे बघत, खिशात एकही हात नाही, दोन्ही टेबलावर.

तर आता विचारते. सिस्टर, तुमच्या खिशात काय आहे?

हे पत्र टाकायला पत्ता नाही, असता तरी टाकलं नसतं. विचारलं की तुम्ही नाणं परत मागाल, अशी तेव्हा भीती होती. ती अजून गेलेली नाही.