शून्य येणारच नाही

२ सप्टेंबर, सोमवार
सत्र सुरू. विभागप्रमुखांनी पहिल्या वर्षाचा वर्ग गळ्यात मारलाच! म्हणाले, संशोधन काय, दुपारी होतं. होऊ दे. माझं तर झालंय — तीन वर्षं छळणाऱ्या प्रमेयाची शेवटची पायरी गेल्या आठवड्यात बसली. येत्या शुक्रवारी शोधनिबंध नियतकालिकाकडे. सांगायचं एवढंच, की एका विशिष्ट घडणीच्या मॅट्रिक्सचा — आकड्यांच्या चौकटीचा — डिटर्मिनंट, म्हणजे त्या आकड्यांवरून निघणारी एक संख्या, कधीही शून्य येत नाही. कधीही! हा शब्द लिहिताना अंगावर मूठभर मांस चढतं.

३ सप्टेंबर, मंगळवार
पहिला तास. मागचा बाक झोपलेला, पुढचा घाबरलेला. पण आवाज छान लागला. गृहपाठ काढायला सवड कुठली! फळ्यासमोर उभ्या उभ्याच माझ्याच घडणीची एक चार बाय चार मॅट्रिक्स रचली — हिचा डिटर्मिनंट काढून आणा. एका दगडात दोन पक्षी.

५ सप्टेंबर, गुरुवार
काल गृहपाठ तपासला. जवळजवळ सगळ्यांचं उत्तर शून्य! एकाने केलं, बाकीच्यांनी उतरवलं — दुसरं काय? शून्य येऊच शकत नाही, मग मी मोजत कशाला बसू? सरळ फुल्या मारल्या. आज वर्गाला चांगलंच फैलावर घेतलं. पुढच्या बाकावरची चष्मेवाली उभी राहिली. "मॅडम, आम्ही दोन पद्धतींनी केलं." मी म्हटलं, मग दोन पद्धतींनी चुकलात. वर्ग हसला. ती नाही हसली.

६ सप्टेंबर, शुक्रवार
पाठवला! हलकं हलकं वाटतंय.

७ सप्टेंबर, शनिवार
जेवताना नवऱ्याला फुल्यांची गंमत सांगितली. तो दातांचा डॉक्टर. घास हातातच राहिला त्याचा.
"म्हणजे पेशंटचं तोंड न उघडताच दात उपटलास?"
मी म्हटलं, सिद्धता हाच माझा एक्स-रे. तो नुसतं 'बरं' म्हणाला. त्याचं हे 'बरं' मी ओळखून आहे! संताप आला. भांडी आदळलीसुद्धा. उद्या कागदावर मोजून त्याच्या हातात ठेवते, म्हणजे कटकट मिटेल.

८ सप्टेंबर, रविवार
शून्य.
पुन्हा केलं. शून्यच. मॅट्रिक्स रचताना चुकले असेन म्हणून तेही ताडून पाहिलं — तंतोतंत माझ्याच घडणीची. तीन वर्षं पाण्यात. रडले.
पोरांचंच बरोबर होतं. उद्या आधी वर्गात जाऊन सांगायचं. संपादकांना त्यानंतर.