मांडवाबाहेर लावलेला धवला

आये,

तुझं जुनं रेकॉर्डिंग तपासायला बसलो त्या रविवारी सकाळी मी आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, आणि देव्हाऱ्यातल्या वाटीतली चिमूटभर अक्षत उचलून कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवली. मग कानाला हेडफोन लावून तुझा आवाज सुरू केला. अक्षत कशासाठी, ते तुला सांगायला नको. मांडव नाही, उंबराची फांदी रोवलेली नाही, हळदीला बसलेली नवरी नाही, आणि अशा वेळी लग्नाच्या गाण्यांतला धवला म्हणायचा म्हणजे देवांना आवतण देऊन आतून दाराला कडी घालायची. हे तुझंच बोलणं. लहानपणी एकदा मी चुलीपुढे बसून तुझ्या चालीवर काहीतरी गुणगुणलो, तेव्हा भाकर थापता थापता तू पिठाच्या हातानेच माझ्या गालावर चापट मारली होतीस. "आले देव, तर बसवशील कुठं? तुज्या डोक्यावर?" मी रडलो नाही, कारण तूही हसू दाबत होतीस. पण त्या दिवसापासून मांडवाबाहेर ती चाल माझ्या तोंडातून निघाली नाही. गावातल्या दर लग्नात लोक धवलारीन म्हणून तुला बोलवायचे, भटजी येण्याआधी आणि तो गेल्यानंतरही तूच गात बसायचीस. बाबा गेले, तू विधवा झालीस, तरी गावाने धवला तुझ्याकडून काढून घेतला नाही. दुसऱ्या कोणाला तो एवढा येतच नव्हता.

तुझ्या नातीचं लग्न ठरलं आहे. तू गेलीस तेव्हा ती बालवाडीत जायची, तिला तुझ्या पदराला बांधलेल्या आल्याच्या वड्या तेवढ्या आठवतात. आम्ही अजून धामणकर नाक्याच्या मागे त्याच खोलीत आहोत, खाली लूमची खटखट तशीच, आणि मी अजून त्याच गोदामात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर नजर ठेवतो. पण मांडव गावी घालायचा हे नक्की होतं. धवल्याचं काय करायचं हा विषय निघाला तेव्हा पोरगी म्हणाली, "बाबा, आज्जीचाच धवला लावायचा. तुमच्याकडे रेकॉर्डिंग आहे ना? साउंडवाल्याला पेन ड्राइव्ह दिला की झालं." मला हे इतकं आवडलं की मी लगेच हो म्हणालो. तुझी नात हळदीला बसली आहे आणि तू गाते आहेस. याहून मला दुसरं काय हवं होतं?

रेकॉर्डिंग तुला आठवत असेल. काकांच्या धाकट्या मुलाच्या लग्नात मी नवंच घेतलेलं एक छोटं यंत्र सदऱ्याच्या खिशात ठेवून तुझ्या पाठीशी बसलो होतो. तुझ्या शेजारी धाकटी मावशी, तू ओळ टाकायचीस आणि ती उचलायची. खिशातला लाल दिवा तू पाहिलास आणि गाणं सुरू करायच्या आधी मागे वळून म्हणालीस, "भर मना त्या डबीत. मी मेल्यावर बटन दाबशील नि गायला लावशील, व्हय रे?" बायका हसल्या. मीही हसलो. त्या हसण्यापासूनच फाइल सुरू होते.

पण ते यंत्र कधीच बंद पडलं, आणि त्यात ज्या प्रकारच्या फाइली व्हायच्या तो प्रकार आता कुठल्याच प्लेअरला कळत नाही. मी त्या सीडीवर उतरवल्या होत्या, सीडीवरून कॉम्प्युटरमध्ये घेतल्या होत्या, आणि त्या तिथेच पडून होत्या. साउंडवाल्याला एमपीथ्री हवी. मी इंटरनेटवरून एक कन्व्हर्टर उतरवला. फाइल टाकली की तो थोडा वेळ विचार करायचा आणि ही फाइल ओळखता येत नाही असं सांगायचा. दुसरा उतरवला. त्याने फाइल घेतली, शेवटपर्यंत हिरवी पट्टी भरली, आणि जी एमपीथ्री दिली तिच्यात एक शब्द नव्हता. ड्युटीवरून आलो की मी हेच करत बसायचो. शेवटी नाक्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात सीडी घेऊन गेलो. तिथला तरुण भला आहे, उत्तरेकडचा, आमच्या खालच्याच गल्लीत राहतो. त्याने बराच वेळ खटपट केली आणि सीडी परत माझ्या हातात ठेवली. "चाचा, ये तो बाबा आदम के जमाने का फॉर्मेट है. छोडो ना. अम्मा से दुबारा गवा लो, मोबाइल पे एकदम क्लियर आएगा." त्याचं काही चुकलं नव्हतं. मी म्हटलं, "अम्मा अब गाती नहीं." तो म्हणाला, "तबीयत?" मी मान हलवली आणि घरी आलो. त्याला नीट का सांगितलं नाही, हे वाटेत स्वतःलाच विचारत होतो.

एका परदेशी माणसाने कुठेतरी लिहून ठेवलं होतं की अशी फाइल कन्व्हर्ट करू नका, ध्वनी दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये कच्ची म्हणून आत घ्या आणि बाकीचं त्याला आपण सांगा. तसं केलं, आणि पहिल्यांदा आवाज आला. पण तो तुझा नव्हता. चिमणीसारखा बारीक, घाईघाईचा, एकाच्या पाठीवर एक शब्द. पोरगी धावत आली आणि पोट धरून हसायला लागली. "बाबा, आज्जी कार्टून झाली!" मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू आवरलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक चौकट असते, दर सेकंदाला आवाजाचे किती तुकडे घेतले होते ते तिथे सांगायचं. मी अंदाजाने भरला होता तो आकडा दुप्पट निघाला. निम्मा केला, पुन्हा फाइल आत घेतली, आणि तू हसलीस. "भर मना त्या डबीत." बायकांचं हसणं, बांगड्या, कुठेतरी रडणारं मूल, आणि मग तू ओळ टाकायच्या आधी घ्यायचीस तो लांब श्वास. मी हेडफोन काढून ठेवला. घरातली माणसं समजली की पुन्हा बिघडलं.

खरी चूक त्यापुढे झाली, आणि ती माझ्यासारख्याच माणसाच्या हातून होऊ शकते. फाइल तपासताना प्रत्येक वेळी मी फक्त सुरुवात ऐकायचो. मांडव घालण्याचं, हळद दळण्याचं म्हणणं होईस्तोवर ऐकायचो, आणि तू देवांना हाक मारायच्या जागेवर आलीस की बटण दाबून थांबवायचो. खोलीत मांडव नव्हता ना. टेबलावरची अक्षत तेवढ्यासाठीच, चुकून एखादी हाक गेलीच तर कोणी रिकाम्या हाताने परत जाऊ नये. तुझी सून म्हणायची, "अहो, माउसखाली तांदूळ अडकलेत. कॉम्प्युटरला पण जेवायला घालणार का आता?" अशा रीतीने सगळी फाइल झाली, पेन ड्राइव्हमध्ये गेली, आणि मी ती पुरती एकदाही ऐकलेली नव्हती.

ऐकली पोरीने. तिला असली भीती नाही. एका सकाळी ती कामावर जायच्या तयारीत, कानात वायरी अडकवून ओढण्यांना इस्त्री करत होती. मी चहा पीत होतो. एक वायर काढून ती म्हणाली, "बाबा, यात सगळे आहेत. गावदेवी आहे, वजरेश्वरी आहे, पणजोबा आहेत, आजोबा आहेत, ती विहिरीत पडलेली तुमची आत्या पण आहे. आज्जी कुठे आहे?"

मी म्हणालो, "गाते आहे ना."

"गाते आहे हो. पण तिला कोण बोलावतंय?"

तिने ते सहज विचारलं आणि इस्त्री उलटी करून ठेवली. ती गेल्यावर मी पाट मांडून बसलो आणि पहिल्यांदा सगळं ऐकलं. आये, देवांची नावं घेऊन झाल्यावर तू आपल्या घरातले गेलेले एकेक करून मांडवाला बोलावतेस. अगदी शेताच्या बांधावरून हाका मारल्यागत, ओरडून. आज्याला, आजीला, काकांच्या पहिल्या मुलाला. मग बाबांची पाळी येते आणि तू थांबतेस. नवऱ्याचं नाव तू जन्मात घेतलं नव्हतंस, तिथेही घेत नाहीस. मावशी एकटी ते नाव घेते, जरा हळू आवाजात, आणि तू पुढच्या ओळीला पुन्हा येतेस. मी तुझ्या पाठीमागे बसलो होतो तरी त्या दिवशी हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बाबांनंतर तू लगेच देवांना बसायला सांगतेस. यादी तिथे संपते. तेव्हा ती तिथेच संपत होती. पोरीच्या हळदीला हे लोखंडी भोंग्यांतून लावलं असतं, तर घरातला एकूण एक मेलेला माणूस मांडवात आला असता आणि तू तेवढी बाहेर राहिली असतीस.

यात कॉम्प्युटरचा दोष नाही. आपल्या भावकीत धवलारीन मेलेल्याचं नाव स्वतःहून घेत नाही. घरच्या थोरल्याने तिच्यापुढे पान-सुपारी ठेवून ते नाव तिला सांगायचं, तेव्हाच ते धवल्यात जातं. तू गेल्यानंतर भावकीत पहिलं लग्न निघालं तेव्हा मावशीने मला बाजूला घेतलं होतं. "बाला, बयचं नाव घेऊ?" मी म्हणालो, राहू दे अजून. तिने पुन्हा विचारलं नाही. भावकीत तेव्हापासून बरीच लग्नं झाली. मी प्रत्येक वेळी मांडवाच्या कडेला उभा राहिलो, बाबांच्या नावाला हात जोडले आणि पुढचं ऐकायला नको म्हणून पंगतीकडे निघालो.

काल मी ऐकायला पुन्हा पाटावर बसलो नाही. एसटीने अंबाडीला उतरलो, तिथून रिक्षाने गावात. मावशी ओट्यावर ऊन खात बसली होती. तिला आता नीट दिसत नाही, पायांच्या आवाजावरून माणूस ओळखते. "शेरातला साहेब आला गं," असं आत ओरडून सांगितलं आणि मला म्हणाली, "लगीन हाय नि तोंड असं का? पोरगी पळाली काय?" मी हसलो. पोरीचा धवला तू म्हणशील का, असं विचारलं. "मी? माजा दम न्हाय पुरत आता. दोन ओळी बोल्ले का खोकला. मी तर ऐकलं, तुमी बयचा आवाज लावनार हाय." मी म्हणालो, "नाही लावणार." मग ती म्हणाली, "खोकत खोकत म्हनीन. देवाला सवय हाय."

हे पत्र मी कोणाकडे देणार नाही. तुला अक्षर येत नव्हतं, मावशीलाही येत नाही, आणि पोरीला यातलं अर्धं समजणार नाही. पण एक गोष्ट कुठेतरी लिहून ठेवायची होती. फाइल बिघडली होती, सॉफ्टवेअर चुकत होतं, हे सगळं खरं. तरी इतक्या साऱ्या संध्याकाळी मी कॉम्प्युटरपुढे बसलो, ते लग्नासाठी नव्हे. त्या आवाजात तू अजून बोलावणारी आहेस. मावशीच्या तोंडून तुझं नाव गेलं की तू बोलावलेल्यांच्या रांगेत, बाबांच्या शेजारी, कायमची. लग्न होईल, मांडव उतरेल, तू तिथेच राहशील. मला ते नको होतं, आणि नकोच आहे.

पान-सुपारी मी अंबाडीच्या बाजारात घेतली होती. ती मावशीच्या पायापाशी ठेवली तेव्हा तिने हाताने चाचपून पाहिली आणि समजली. पदर डोक्यावर घेतला, पाठ ताठ केली. "सांग," म्हणाली. शाळेच्या कागदांवर, रेशनकार्डावर तुझं नाव मी कितीदा लिहिलं असेल, पण आये, तोंडाने ते कधी घेतलं नव्हतं. मुलगा आईचं नाव घेतो कशाला? पहिल्यांदा मी ते नुसतं पुटपुटलो. मावशी म्हणाली, "मोठ्यानं सांग बाला, मना ऐकायला कमी येतं."

मी मोठ्याने सांगितलं.