दिवाळीपर्यंत थांब

४ सप्टेंबर, लातूर

केळी घेतली आणि दिवसभर नांदेडचं बोर्डिंग डोळ्यांपुढे. रविवारी बाबा अर्धापूरहून केळ्यांची फणी घेऊन यायचे. दुपारी दोन ते चार सायलेन्स. सिस्टर दाराशी खुर्चीत, हातात माळ. माझ्या आणि सुधाच्या कॉटमध्ये लाकडी फळी. धाकटी असून धीट तीच. फळीवर नखाने दोन ठोके द्यायची: अक्का, आहेस का? मी एक ठोका: आहे. मग फळीखालून केळं सरकत यायचं, अर्धं खाल्लेलं. तीन ठोके म्हणजे सिस्टर उठल्या, लपव सगळं. एकदा तीन ऐकूनही मी चघळतच बसले. दोघींना आठवडाभर जेवणघराच्या फरशा पुसाव्या लागल्या. सुधा म्हणाली, "अक्के, तुला वाजवून काय फायदा!"

हे लिहायचं कारण वेगळंच आहे. दुपारी क्लासचा पेपर टाईप करत होते, बारावीचं पॅसिव्ह व्हॉइस. लॅपटॉपच्या पोटातून टिक टिक. थोडं थांबून पुन्हा टिक टिक.

दोनच.

६ सप्टेंबर

शेख भाईंच्या दुकानात लॅपटॉप नेला. कानाशी धरला त्यांनी, डॉक्टरसारखा.

"मॅडम, डिस्क जाऊन राहिलीय. आवाज येतोय ना? आज हाय, उद्या न्हाई."

दुरुस्ती?

"दुरुस्ती कायची? नवा घ्या. बॅटरी तर तुम्ही दोन वर्षांखालीच काढून ठेवलीय. वायरीवर जगून राहिला बिचारा."

आधी कॉपी काढून घ्या म्हणाले. पण सगळा माल एकदम उचलताना डिस्कला धाप लागते. "कॉपी एकदा जमंल. त्याच्यानंतर उठंल याची गॅरंटी न्हाई."

ठेवून जा, संध्याकाळपर्यंत करून देतो, म्हणाले. घरी आणला. पेपर आज द्यायचेत असं खोटंच सांगितलं.

७ सप्टेंबर

मंजूचा नांदेडहून फोन. आजकाल तिच्या बोलण्यात सुधाचा आवाज फार येतो.

"मावशी, आत्ता घेऊ नकोस गं. दिवाळीपर्यंत थांब. सेल लागतो, पाच-सहा हजारांचा फरक पडतो. एवढे दिवस चालला, अजून दीड महिना चालेल."

बरं म्हटलं. बत्तीस हजार जमलेत. दिवाळीत चांगला येईल, आत्ता साधाच. तिचं बरोबर आहे.

फोन ठेवला. दिवाळीपर्यंत थांब. हे वाक्य या घरात पहिल्यांदा बोललेलं नाही.

१० सप्टेंबर

पुन्हा टिक टिक. आज मी टेबलावर नखाने एक ठोका दिला. आहे.

शांत झाला. तासभर काही नाही.

योगायोग. यंत्र आहे ते. पंखा अडकतो, सुटतो. साठी उलटलेली बाई मी, तीस वर्षं पोरींना शिकवलं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

१२ सप्टेंबर

तीनदा करून पाहिलं. उत्तर दिलं की थांबतो. नाही दिलं की वाजवत राहतो, न कंटाळता. सुधा अशीच होती.

क्लासच्या सरांचा निरोप. दसऱ्यानंतर टेस्ट सिरीज, माझे सगळे जुने पेपर एकत्र हवेत. अकरा वर्षांचे पेपर या एका डबड्यात. गेले तर पोरी नुसत्या गाईडावर परीक्षा देणार. कॉपी करायला हवी. उद्या करते.

१५ सप्टेंबर

केली नाही. केली की हा गेला. मग दुपारी कोण विचारणार, आहेस का?

१७ सप्टेंबर

दुपारी लाईट गेली. वायरीत वीज नाही तर हा मेलेलाच, बॅटरी नाही. पडदा काळा. कूलर बंद, रस्त्यावर क्लासच्या पोरांच्या सायकली, मग तेही नाही. टेबलामागच्या भिंतीवर फळी आहे, तिच्यावरच्या पेल्यांवर ऊन पडलेलं.

टिक टिक.

मी एक ठोका दिला.

नंतर फळीवरचे पेले बघितले. जागचे हलले नव्हते. (भूकंपापासून फळीवर एक पेला उपडा आणि त्यावर दुसरा उपडा, अशी सवय आहे. जमीन हलली की वरचा पडतो, माणूस जागा होतो. तेव्हा लातूरमध्ये घरोघरी असे पेले होते. लोकांनी कधीच काढले. मी नाही.)

२० सप्टेंबर

ट्रंक उघडली. सुधाचं आंतर्देशीय पत्र सापडलं असं म्हणणार नाही, ते कुठे आहे हे मला नेहमीच माहीत होतं.

"अक्का, इकडं जमीन गुरगुरते. लोक हसण्यावारी नेतात. मी रात्री पेल्यावर पेला ठेवते. परवा तीनदा पडला. मंजूला तुझ्याकडं शाळेत घाल. मी पण येऊ का थोडे दिवस? हे म्हणतात, तूच भित्री."

मी लिहिलं होतं: मंजूला लगेच पाठव. तू दिवाळीपर्यंत थांब. मागच्या खोलीला रंग द्यायचाय, सगळं घर पसरलंय.

रंग!

भूकंपाच्या पहाटे इथेही फळीवरची भांडी पडली. आठ वर्षांची मंजू माझ्या कुशीत. तिला उचलून अंगणात पळाले. दुपारी कळलं, सुधाचं गाव राहिलंच नाही. सुधा नाही, तिचा नवरा नाही.

मोठी होताना मंजू विचारायची, "आईनं मला पाठवलं, मग ती का नाही आली?" मी सांगत आले, काढणी होती गं, शेत सोडून कशी येणार. एकवीस वर्षं हेच सांगितलं.

त्या खोलीला पुढे रंग दिलाच नाही. टेबल त्याच खोलीत आहे.

२३ सप्टेंबर

शेख भाई भाजीच्या गाड्यावर भेटले. "उठतोय का अजून, मॅडम?"

उठतोय म्हटलं.

"लई जीव हाय की त्याला. पण भरवसा ठेवू नका. जाणारी वस्तू सांगूनच जाते. आपणच ऐकत न्हाई."

टोमॅटो न घेताच परत आले.

२४ सप्टेंबर

इतके दिवस उत्तरच देत आले. मी होऊन कधी विचारलं नाही. आज धीर केला. जेवण आटोपून, मागच्या खोलीत बसून, दोन ठोके. सुधा, आहेस का?

काही नाही. पंख्याची घरघर. कुठेतरी कुकरची शिट्टी.

मग तीन.

मोजण्यात चूक झाली असेल. पुन्हा विचारलं. पुन्हा तीन.

२५ सप्टेंबर

तीन.

२६ सप्टेंबर

तीन. आता एक ठोका देऊन भागत नाही. थांबतच नाही. मी किती वेडी, वाटलं होतं ती सोबतीला आली आहे. सोबतीला आलेलं माणूस तीन वाजवत नाही.

२८ सप्टेंबर

कॉपी लावली. साडेदहाला सुरू. बाजूला बसून राहिले, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी. मध्ये दोनदा अडकला, धापा टाकल्या. मी वरून हात फिरवत होते, म्हणत होते, एवढं कर बाई, एवढं कर.

तीन-वीसला झालं. अकरा वर्षांचे पेपर बोटाएवढ्या पेन ड्राइव्हवर. शेख भाईंच्या दुकानात उघडून बघितला. सगळं आहे.

घरी येऊन लॅपटॉप लावला. उठला नाही. पडद्यावर एक पांढरी रेघ, मग तीही नाही. वायर काढली, गुंडाळली. डोळ्यांतून पाणी काढायचं नाही असं ठरवलं होतं.

चहा ठेवायला उठले आणि मागून तीन ठोके. डबडं मेलेलं, वायर माझ्या हातात.

या वेळी आवाज टेबलावरून आला नाही. भिंतीतून आला.

२९ सप्टेंबर, दुपारी दीड

मंजूला फोन केला. दिवाळीला नाही, उद्याच घ्यायचा, नांदेडमध्येच, तू बरोबर चल.

"अगं, महिन्यावर आलीय दिवाळी. एवढी काय घाई?"

म्हटलं, घाई आहे. साधाच घेऊ.

"रडतेस का तू?"

तीनची बस आहे. सुधाचं पत्र पर्समध्ये. ढिगाऱ्यातून मंजूसाठी आलेल्या सामानात माझं उत्तरही निघालं होतं, ओलं, मातीने माखलेलं. मंजू लहान होती म्हणून मी काढून घेतलं. तेही घेतलंय. दोन्ही तिच्या हातात देणार, उद्या तीस तारखेला, तिच्या आईच्या दिवशी. माझ्या तोंडून सांगणार. नंतर तिने मावशी म्हटलं तर म्हटलं.

वाटेचं काही सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवते. वही शेख भाईंकडे किल्लीबरोबर देतेय.

पेन ड्राइव्ह क्लासच्या सरांना. त्याचे पैसे मागू नयेत, पोरींना पेपर फुकट द्यावेत.

बत्तीस हजार माझ्याजवळ आहेत. लॅपटॉप आला तर माझ्यानंतर मंजूचा. नाहीच घेतला गेला तर पैसे तिचे. तिने दिवाळीपर्यंत थांबू नये.

जुना लॅपटॉप शेख भाईंना, सुट्या भागांसाठी. डिस्क मात्र काढून मंजूला द्यावी. टाकू नये, उघडू नये.

माझ्या सोन्याच्या दोन बांगड्या आणि बोर्डिंगमधला आम्हा दोघींचा फोटो मंजूला.

पेले पिशवीत भरणार होते, तेही तिलाच द्यायचे म्हणून. उतरवायला हात वर केला आणि बघितलं, वरचा हलतोय. अगदी थोडा. पाणी उकळायच्या आधी भांड्यावरचं झाकण थरथरतं तसा.

फळीवरच राहू दिले.

शेख भाई, किल्ली तुमच्याकडे आहे, पण घाईने आत येऊ नका. आधी मागच्या खिडकीतून पेले बघा. वरचा पेला जागेवर असेल तरच कुलूप काढा.