गाडी कुणामुळे बंद पडते

शेणवा,
१ डिसेंबर २०२४

ति. हिराआत्यास,
रुपाचा वाकून नमस्कार. वि. वि.

फोनवर तुला माझं अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं भरतेस. परवा मी ‘गाडी बंद पडली’ म्हणाले, तू ‘आई पडली’ ऐकलंस आणि एसटी पकडून यायला निघालीस. म्हणून हे पत्र. आई ठणठणीत आहे. बिघडली आहे ती गाडी.

आठ महिन्यांची नवी गाडी. सकाळी वरच्या वाडीतल्या सहा मुलींना शहापूरला कॉलेजला सोडते, संध्याकाळी परत आणते. शहापूरपर्यंत काही होत नाही. संध्याकाळी वाडीखालच्या चढावर मात्र इंजिन एकदम गप. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. हायवेवरच्या सर्व्हिस सेंटरला तीन खेपा झाल्या. ते कंप्युटर लावतात, रिकामी गाडी सपाट रस्त्यावर फिरवतात आणि फॉल्ट दाखवत नाही म्हणून परत देतात. काउंटरवरच्या साहेबानं दर वेळी विचारलं की गाडी चालवतं कोण. मी म्हटलं मीच. तरी तो म्हणाला की मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो. शेवटी त्यानं सुदामरावांना त्यांच्या कामावर फोन लावला. आमचे हे सायकलच्या पलीकडे काही चालवत नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन मलाच विचारलं की क्लच म्हणजे कुठला.

तुझ्या गुडघ्याचं कळव. माझ्यावर माया ठेवतेस, ती तशीच राहू दे.

तुझी,
रुपा


मुरबाड,
६ डिसेंबर २०२४

चि. रुपास,
अनेक आशीर्वाद. पत्र मिळाले. चष्मा पुसून दोनदा वाचले.

सुदामराव क्लच शोधत बसले असतील तर त्यांना बसू दे. तू एक वही कर. गाडी कधी थांबली, कुठे थांबली, पेट्रोल किती होते आणि कोण कुठे बसले होते, ते रोज लिही. न थांबलेल्या दिवशीही लिही. तोंडी तक्रार हवेत जाते. सर्व्हिस सेंटरच्या कागदावर तक्रार तुझ्याच शब्दांत लिहायला लाव. ‘ग्राहक म्हणतात गाडी बरोबर नाही’ असे लिहिले तर सही करू नकोस.

गुडघा आहे तसाच आहे. मी त्याच्याकडे लक्ष देत नाही, म्हणून तोही जरा नरमला आहे. वहिनीला नमस्कार सांग.

तुझे भले चिंतणारी,
आत्या


शेणवा,
१० जानेवारी २०२५

ति. आत्यास,
नमस्कार. वि. वि.

लिहायला उशीर झाला, कारण लिहावंसं वाटत नव्हतं.

चौथ्या खेपेला त्यांनी गाडी पाच दिवस ठेवली. मुली दोन वाहनं बदलून कॉलेजला गेल्या. सहाव्या दिवशी गाडी धुऊन, आत अत्तर मारून दिली. कागदावर लिहिलं होतं की दोष आढळला नाही, चालकाने क्लच नीट वापरावा. दुसऱ्याच संध्याकाळी चढावर इंजिन बंद पडलं. या वेळी गाडी मागे सरकली. मी ब्रेक दाबून धरला, हँडब्रेक ओढला, तरी मागचं चाक गटारात गेलं. माझ्या शेजारी वाडीतल्या भगीरथभाऊंची रविना बसली होती. तिचं कपाळ काचेवर आपटलं, तीन टाके पडले. बाकीच्या मुलींना खरचटलंसुद्धा नाही.

रविवारी वाडीत सगळे जमले. माझी चूक नाही हे दाखवायला मी वही वाचून दाखवली. नऊ वेळा गाडी थांबली होती. बाईजाची मुलगी मागच्या सीटवर असते. बाईजानं ऐकता ऐकता बोटं मोजली आणि म्हणाली की नऊच्या नऊ वेळा पुढं भगीरथाचीच पोर हाय. ती चार दिवस आली नव्हती, त्या चार दिवसांत गाडी एकदाही थांबली नव्हती. हेही वहीतच होतं. मग कुणीतरी म्हणालं की पोरीचा पायगुणच तसा. रविना तिथंच बसली होती, डोक्याला पट्टी.

भगीरथभाऊ उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला मामाकडे सरळगावला धाडलं. बाकीच्यांनीही मुली पाठवायचं बंद केलं. बारावीची परीक्षा महिन्यावर आली आहे आणि सहाही जणी घरी आहेत.

वही लिहायला तू सांगितलंस, पण तुझा दोष नाही. तुझा विसर पडत नाही, तूही विसरू नकोस.

रुपा


मुरबाड,
१५ जानेवारी २०२५

चि. रुपास,
आशीर्वाद.

मला गाडीतले काही कळत नाही, पण चौथीच्या मुलांना तीस वर्षे गणित शिकवले आहे. रविना आली नाही त्या चार दिवसांत पुढच्या सीटवर कोण होते? वही काढून बघ. कोणी नसेल, तर प्रश्न रविनाचा नाही. त्या सीटवर माणूस बसण्याचा आहे. मग सीटखाली काय आहे, ते त्या लोकांना विचार. त्यांनी गाडी नेहमी रिकामीच चालवली, त्यांना दोष सापडणार कसा?

किल्ली त्यांच्या हातात देऊ नकोस. त्या साहेबाला शेजारी बसव आणि चढावर ने. सरळगाव इथून फार लांब नाही. मी रविनाकडे जाऊन येते.

जपून राहा, धीर सोडू नकोस.

तुझी,
आत्या


शेणवा,
२४ जानेवारी २०२५

ति. आत्यास,
नमस्कार. वि. वि.

वही बघितली. चारही दिवस पुढं ‘दप्तरं’ असं लिहिलं आहे. माझ्याच अक्षरात.

मंगळवारी गेले. साहेबानं किल्ली मागितली. मी म्हटलं की किल्ली देणार नाही, तुमी शेजारी बसा. तो म्हणाला की तसा नियम नाही, त्यांचा ड्रायव्हर चालवेल. मी गाडी दारातच आडवी लावून आत बसून राहिले. मागं गाड्यांची रांग लागली, मॅनेजर बाहेर आला, तेव्हा कुठं साहेब शेजारी बसला. चांगला वजनदार माणूस आहे. हायवेच्या पुलावर निम्म्या चढाला इंजिन गप झालं. मागून ट्रकचे हॉर्न सुरू झाले. त्याला घाम फुटला. मला म्हणाला की मॅडम, आता काय करायचं. पहिल्यांदाच त्यानं मला काही विचारलं. मी म्हटलं की दहा मिनिटं थांबायचं, आमी रोज थांबतो.

परत आल्यावर लडकू नावाच्या जुन्या मेकॅनिकनं पुढची सीट उचलली. पेट्रोलच्या पंपाची वायर सीटच्या पट्टीखाली दबून सोलली होती. माणूस बसला आणि गाडी चढाला लागली की ती लोखंडाला टेकायची आणि पंप बंद पडायचा. वीस मिनिटांचं काम. लडकू म्हणाला की हे कंपनीतूनच चुकीचं बसवून आलं होतं, तुमी सांगत होता ते बरोबर होतं. मॅनेजरनं कागदावर ‘वायर बदलली’ एवढंच लिहिलं. ‘सीटखाली दबलेली’ हे शब्द लिहून घेतल्याशिवाय मी हलले नाही.

तो कागद वाडीत वाचून दाखवला. आता पाच मुली येतात. भगीरथभाऊ म्हणाले की गाडीवर त्यांचा राग नाही, पण रविनाच परत यायला नको म्हणते. ते मला कळलं नाही.

तुझ्यामुळे गाडी चालते आहे. अशीच पाठीशी राहा.

रुपा


मुरबाड,
२९ जानेवारी २०२५

चि. रुपास,
आशीर्वाद. तुझे पत्र वाचून बरे वाटले. आता जे लिहिते ते शांतपणे वाच.

मी सरळगावला दोनदा जाऊन आले. रविना मामीबरोबर शेतावर जाते. पुस्तके तिने पिशवीतून काढलेलीही नाहीत. वायरचे मी सांगितले, तिने ऐकून घेतले. मग म्हणाली की बाईजा बोलली त्याचं काय नाय, ती सगळ्यांनाच बोलते. पण रुपाकाकीच्या हातात वही होती, तिनं माझ्याकडं बघितलं आणि ती गप राहिली. तिलापण तसंच वाटलं असेल.

तुला तसे वाटले होते का, हे मी विचारत नाही. मात्र त्या मुलीला कागद दाखवून भागणार नाही.

नेहमीप्रमाणे तुझीच,
आत्या


शेणवा,
३ फेब्रुवारी २०२५

ति. आत्यास,
नमस्कार. वि. वि.

काल भगीरथभाऊंना घेऊन सरळगावला गेले. तुझ्याकडे वळले नाही, रागावू नकोस.

मला तसं वाटलं होतं, आत्या. थोडा वेळ का होईना, वाटलं होतं. चार खेपा त्या लोकांनी माझीच चूक म्हणून सांगितलं होतं. वाडीत दोष दुसऱ्या कुणावर तरी गेला, तेव्हा मला हलकं वाटलं. ओसरीवर भगीरथभाऊ, मामा, मामी सगळे बसले होते, त्यांच्यासमोर मी रविनाला हेच सांगितलं. तिची माफी मागितली. ती उठून आत गेली. मामीनं चहा केला, आमी प्यायलो. मला वाटलं, झालं, आता परत जायचं. तेवढ्यात ती पुस्तकांची पिशवी घेऊन बाहेर आली.

परतताना किन्हवली मागं पडली. तेव्हा रविना म्हणाली की काकी, हे तू त्याच दिवशी बोलायला पाहिजे होतं. मी म्हटलं, हो.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी इंग्रजीचा पहिला पेपर आहे. तोवर ती माझ्याकडेच राहते आहे. आत्ता ओट्यावर बसून निबंध पाठ करते आहे, मधेच मला स्पेलिंग विचारते आणि मला ते येत नाही. तेवढे आठ दिवस तू ये.

वाट बघणारी,
रुपा