निरोगी नमुना

३ सप्टेंबर २००१, गुडगाव
आले एकदाची! कंपनीनं प्रयोगशाळेच्या वरच्याच मजल्यावर फ्लॅट दिलाय. खिडकीतून एकीकडे काचेच्या इमारती, दुसरीकडे बाजरीचं शेत. कृतिका पुण्यात आईकडे आहे. दिवाळीत तिला घेऊन यायचं, इथल्या शाळेत घालायचं, मग आम्हा मायलेकींचं बस्तान बसलं. आमचे प्रमुख सुधाकर सर दिल्लीच्या करोल बागेत वाढलेले, त्यामुळे मराठी निम्मं हिंदीत. पण माणूस लाघवी.

८ सप्टेंबर
मूळपेशींवर काम करायचं तर तुलनेला निरोगी माणसाचं रक्त लागतं, आणि ते नेहमी आपल्यातल्याच कुणाचं तरी घेतात. मी दंड पुढे केला. "अच्छा, मग आता तू बिल्कुल घरचीच झालीस," सर म्हणाले. माझ्या पेशी बाटल्यांतून उबेच्या कपाटात गेल्या. दिवसाआड त्यांचं गुलाबी खाद्य बदलायचं काम माझ्याचकडे.

३० सप्टेंबर
माझ्या पेशी एव्हाना मरायला हव्या होत्या, पण वाढताहेत. सर हवेत आहेत. म्हणतात, यातून कुणाचंही आजारी रक्त दुरुस्त करता येईल. आज रविवार म्हणून मी खाद्य द्यायचा आळस केला. दिवसभर पोळ्या खाल्ल्या तरी भूक जाईना. संध्याकाळी खाली जाऊन खाद्य दिलं आणि हात धुवायच्या आत पोट भरलं. योगायोग असणार. मी विज्ञान शिकलेली बाई आहे.

१४ ऑक्टोबर
मुद्दाम उपाशी ठेवल्या. जिना चढवेना. रक्त तपासलं, तर प्रतिकार करणाऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या. खाद्य दिल्यावर पुन्हा जशाच्या तशा. सरांना सांगितलं. ते दचकले नाहीत. एक बाटली उबेतून काढून बर्फात ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिले. मला हुडहुडी भरली.
कपाटाला आता कुलूप आहे. किल्ली त्यांच्याकडे.

१० नोव्हेंबर
कृतिकाला आणायला रेल्वेनं पुण्याला निघाले होते. मी येईपर्यंत खाद्य देतो, असं सर म्हणाले होते. मथुरेच्या आधीच नाकातून रक्त, डोळ्यांपुढे अंधारी. उतरले, कशीबशी परतले. सरांनी कुलूप काढलं, तर बाटल्या कोरड्या. विसरलो यार, म्हणाले. मला इथून जाता येणार नाही. फार भीती वाटते.

१२ नोव्हेंबर
सरांनी परस्पर आईला तिकिटं पाठवली. दोघींना इकडेच बोलावलंय. आईला नको म्हणून सांगायला हवं — फोनच्या बूथपर्यंत पाय पोचले नाहीत. आज खाद्य दिलेलं नाही त्यांनी. उद्याही —

१७ नोव्हेंबर
आल्या. स्टेशनवर सर स्वतः गेले होते. आई त्यांचं कौतुक करून थकत नाही. मला उठून बसता येतंय, म्हणजे आज दिलं असेल.
कृतिकाचा स्वेटर काढला. कोपराच्या आतल्या बाजूला कापूस, वर चिकटपट्टी — शाळेसाठी रक्ततपासणी म्हणे, खाली प्रयोगशाळेतच, आत्ताच —
तिला घेऊन निघायला हवं. वाटेत मी गेले तरी चालेल, आई आहे. पण आता कृतिका तरी पुण्यापर्यंत पोचेल का —