घरातला हुशार

बल्लारपूर,
दि. ६ जुलै २०२५

प्रिय बापूभाऊ,

सप्रेम जयभीम. इकडे स्वाती बरी आहे, मीही आहेच. वहिनीला सांग, रोशनी आमच्याकडे सुखरूप आहे. फोनवर तू ओरडतोस, मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितो आहे. श्रावण गावाकडे निघाला आहे, चिठ्ठी त्याच्या हाती पाठवतो. तू शांतपणे वाच. मी मात्र शांत नाही.

तुझी पोरगी बारावीत तालुक्यात पहिली आली आणि तू तिला स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला टाकायला निघालास. तिला नर्सिंग करायचं आहे, हे तिने किती वेळा सांगितलं. तुझं उत्तर एकच. "एवढी हुशार पोरगी सुया टोचत बसन का? काकावानी मोठी झाली पायजे."

काकाचं काय चाललं आहे, हे तू कधी विचारलंस? बारा वर्षं कॉलेजात तासिकेवर शिकवलं. तास झाला तर पैसे, कॉलेजला सुट्टी लागली की आमच्या घरी उपास. दिवाळी जवळ आली की स्वाती रडायची. गावात मात्र मी हुशार. लग्न असो की विहारातला कार्यक्रम, माईक माझ्या हाती. कोणाचा अर्ज लिहायचा, कोणाचं भाषण लिहायचं, आणि शेवटी काय, तर एक शाल. एवढ्या शाली साठल्या की स्वातीने त्यांची वाकळ शिवली. पंखा दुरुस्त करणाऱ्याला तुम्ही मजुरी देता. मला द्यायची तुम्हाला लाज वाटते, आणि मागायची मला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

रोशनी वडशाच्या स्टेशनावरून एकटीच रेल्वेत बसून आली. घरी यायच्या आधी माझ्या कॉलेजवर गेली. शिपायाने सांगितलं, सर तर मागच्या वर्षीच गेले, त्यांच्या जागेवर संस्थाचालकाचा भाचा आहे. मग ती घरी आली आणि स्वातीने तिला माझ्या कामाचा खरा पत्ता दिला. भाऊ, मी कोळशाच्या ट्रकच्या वजनकाट्यावर बसतो. ट्रक तोलायचा आणि पावती फाडायची. तुला सांगितलं नाही, कारण तू आरमोरीच्या चौकात "माझा भाऊ प्रोफेसर" म्हणत फिरतोस. ते मोडायची हिंमत झाली नाही.

तिला काट्यावर समोर बघून मी तिच्यावरच भडकलो. "सांगून यायचं नाई का?"

ती म्हणाली, "काका, मले तुमच्यासारखं हुशार नाई व्हायचं. मले पगार पायजे."

रांगेतले ड्रायव्हर हसले. मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मग वाटलं, आधी तुझ्या.

काल मी आणि रोशनी जाऊन तिचा नर्सिंगचा अर्ज भरून आलो. पालकाच्या जागी सही मी केली. तुला राग येईल, येऊ दे. तिला न्यायला यायचं असेल तर जेवायला ये, पण ती परत येणार नाही आणि मी पाठवणारही नाही.

पुढच्या रविवारी गावात गुणवंतांचा सत्कार आहे. मला न विचारता तू पाहुणा म्हणून माझं नाव छापलंस. मी येतो. पोरं समोर बसलेली असतील, त्यांना कॉलेजचंही सांगीन आणि काट्याचंही. पत्रिकेत माझ्या नावाआधी 'प्राध्यापक' लिहिलं आहे. ते तू आधीच खोडतोस, की मी माईकवरून खोडू, तेवढं कळव.

तुझा लहान भाऊ,
प्रफुल
वजनकाट्यावरचा कारकून