डावं बटण

३ फेब्रुवारी, सोमवार

सुटलो एकदाचा! चिपळूणला पाट्या टाकणं संपलं. आजपासून अस्मादिक वालीवच्या बिजागऱ्यांच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. वसई पूर्वेला खोलीही मिळाली. शेजारच्या जॉयस आंटींनी चहा पाठवला आणि कप परत न्यायला आल्या तेव्हा माझं लग्न झालंय का तेही विचारून घेतलं.

कारखान्यात सहा पॉवर प्रेस आहेत. पत्रा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, ठेवायचा आणि दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबायची, की वरचा ठोकळा धाडकन खाली येतो. दोन बटणं कशाला, तर दोन्ही हात डायच्या बाहेर राहावेत म्हणून. चार नंबरवर जयरामकाका असतात. चांदीप गावचे, घरची भातशेती, इथे बावीस वर्षं झाली. कामाला बसताना ते दोन्ही बटणांना हात लावून कपाळाला लावतात. मला हसू आलं. त्यांनी पाहिलं, तेही हसले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काकांनी घरच्या वालाच्या शेंगा आणून दिल्या. पानी कमी घाला, वाफेवर शिजवा, म्हणाले. मुलीचं एप्रिलमध्ये लग्न आहे, त्याचं आमंत्रण आत्ताच देऊन टाकलं. माणूस लाखात एक, पण काम गोगलगायीचं. शेठनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की चार नंबर मागे पडतोय, बघू या नवा सुपरवायझर काय दिवे लावतो ते. मीही मनात म्हटलं, बघाच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या दिवसभर वीज बंद, म्हणून माल आजच जायला हवा होता. टेम्पो दारात उभा. इथे एक युक्ती सगळे करतात. डावं बटण सायकलच्या ट्यूबने दाबून बांधून ठेवायचं. मग एका हाताने बटण, दुसऱ्याने पत्रा, काम दुप्पट. तपासणी आली की ट्यूब काढायची. पाच मशीनवर हेच चालतं, फक्त काका करत नाहीत. मी सांगितलं, तर नको साहेब, म्हणाले. मी चारचौघांत त्यांची टर उडवली, बांगड्या भरा म्हटलं. सगळे हसले. मग मीच ट्यूब बांधली. चांगल्या दोन गाठी मारल्या.

साडेअकराला—

नंतर लिहितो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काकांच्या डाव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला. डॉक्टर म्हणाले, जोडण्यासारखी नाहीत. त्या बोटांचं पुढे काय केलं, ते मी विचारलं नाही.

शेठनी रिपोर्ट लिहायला लावला. ‘कामगाराने सूचना न मानता स्वतः बटण बांधले.’ अक्षर माझं, खाली सही माझी. चूक काकांची ठरली की त्यांची नोकरी गेली, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण खरं लिहिलं असतं तर माझी गेली असती.

१६ फेब्रुवारी, रविवार

हॉस्पिटलमध्ये गेलो. वाटलं, शिव्या घालतील. त्यांनी विचारलं, जेवलात का. बायकोला म्हणाले, साहेब नवीन हायेत, त्यांना काय बोलू नको. त्यांना रिपोर्टचं अजून माहीत नाही. सांगायला तोंड उघडलं, आणि मोसंबी ठेवून आलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चार नंबरवर आता लतिकाताई. शेठचा हुकूम, बटण बांधा. मी बांधलं. परत! मीच! लाज नाही वाटली? वाटली की. तरी बांधलं.

चहानंतर पाहतो तर ट्यूब खाली पडलेली. गाठी दोन्ही जशाच्या तशा. बटणावर ऑइलचे चार बोटांचे ठसे. अंगठ्याचा नाही. लतिकाताई शपथेवर सांगत होत्या, मी हात लावला नाही.

१८ फेब्रुवारी

दोनदा बांधलं. दोनदा सुटलं. गाठी तशाच.

दुपारी रिपोर्टची फाइल उघडली. ‘स्वतः’ या शब्दावर चार ठसे.

२० फेब्रुवारी

डब्याच्या झाकणावर चार. खोलीच्या कडीवर चार. आज दाढी करताना आरशात पाहिलं, डाव्या गालावर— साबणाने घासलं, रॉकेलने घासलं. जात नाही. जॉयस आंटींना विचारलं, गालाला काही लागलंय का. काही नाही म्हणाल्या.

म्हणजे ते फक्त मला दिसतंय. बरोबरच आहे.

२१ फेब्रुवारी

काकांच्या बायकोचा फोन. त्यांची गेलेली बोटं दुखतात, म्हणाली. नसलेली बोटं. सारखं सांगतात की ती गार लोखंडावर टेकलीत, आणि उचलता येत नाहीत.

मी फोन ठेवला.

२४ फेब्रुवारी

तपासणीचे अधिकारी आले. ट्यूब सगळ्या आधीच काढलेल्या. मला विचारलं, बटण कुणी बांधलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. लतिकाताई पण. मी म्हटलं, काकांनीच.

थू माझ्यावर.

दोन वाजता परत येऊन ते रिपोर्टचे कागद नेणार आहेत.

दुपारी दीड

सगळे जेवायला गेलेत. चार नंबरच्या स्टुलावर बसलोय. मोटर बंद आहे, मी स्वतः केली. माझं टेबल शेठच्या केबिनसमोर, तिथे लिहायची हिंमत नाही. वही डायवर ठेवलीय. हे पान फाडून अधिकाऱ्यांच्या हातात—

डाव्या हातावर काहीतरी.

गार. चार. ओढत नाहीत. माझा हात डाव्या बटणावर ठेवून दाबून धरलाय. निघत नाही—

उजव्या बटणावर ट्यूब आहे. दोन गाठी. मी नाही बांधली. या वेळी खरंच मी नाही. कोण मानेल?

प्रेसचं चाक आपोआप फिरायला लागलं—

उजवा हात मोकळा आहे, पण वहीवर, ठोकळ्याखाली. पेन टाकलं तर काढता येईल. वाक्य अर्धं राहील.

नाही काढत.

जयरामकाका नको म्हणाले होते. ट्यूब मी बां—